सातारचा कौल आणि यशवंतराव

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कऱ्हाड विधानसभा मतदारसंघातून यशवंतराव चव्हाण विजयी झाले; परंतु तो विजय असा होता की त्याचा गुलाल उधळताना कार्यकर्त्यांचेही हात आखडावेत. कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेल्या, देशातील सर्वांत मोठ्या द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री आपल्या स्वतःच्या गावात दोन हजारांहूनही कमी मताधिक्याने तरला होता. समोर होते शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार, आणि त्यांच्या पाठीशी होती संयुक्त महाराष्ट्र समिती. त्याच निवडणुकीत उत्तर सातारा लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसला नाकारून क्रांतिसिंह नाना पाटील यांना दिल्लीला पाठविले. ज्या जिल्ह्याने १९४२ मध्ये काँग्रेसच्या हाकेसरशी कचेऱ्यांवर मोर्चे नेले, त्याच जिल्ह्याने पंधरा वर्षांनी काँग्रेसकडे पाठ फिरविली होती.

मुंबईसह मराठी भाषिकांचे स्वतंत्र राज्य होणार नाही, मराठी व गुजराती जनतेने एकाच राज्यात नांदावे, असा निर्णय संसदेने ऑगस्ट १९५६ मध्ये बहुमताने घेतला होता. कायदेशीरदृष्ट्या प्रश्न संपला होता. मग तोच प्रश्न पुन्हा लोकांपुढे जावा काय? एकदा दिलेला निकाल किती काळ बांधील मानायचा, आणि तो पुन्हा उघडण्याचा अधिकार कोणाचा? स्कॉटलंडमध्ये हाच वाद गेली काही वर्षे धुमसत आहे. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तेथील सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे ठरविले. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांचे मत मात्र संघात राहण्याच्या बाजूचे होते. परिस्थिती बदलली, तेव्हा पुन्हा विचारा, असे एक बाजू म्हणते. एका पिढीचा प्रश्न एकदाच विचारला जातो, असे दुसरी बाजू बजावते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीवाचून एडिंबरोच्या विधिमंडळाला असे मतदान घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला. देशातून फुटून निघणे आणि देशात राहून वेगळे राज्य मागणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. तरीही पुन्हा विचारावे की नाही, या पेचाला जितक्या वेळा आणि जितक्या बाजूंनी यशवंतरावांना सामोरे जावे लागले, तितके क्वचितच कोणा भारतीय नेत्याला जावे लागले असेल.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. मुलगा लहान असतानाच प्लेगने ते गेले. विठाई आणि थोरल्या भावांनी अत्यंत हलाखीत घर चालविले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९३२ मध्ये झेंडा फडकविल्याच्या गुन्ह्याबद्दल या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची राजकीय शिकवणी झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए. आणि पुण्याहून कायद्याची पदवी. काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण होते, पण महायुद्धाच्या प्रश्नावर वाटा वेगळ्या झाल्या.

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांनी चले जावचा ठराव झाला. यशवंतराव भूमिगत झाले. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे पडली. पोलिसांनी घर धुंडाळले, नवपरिणीत वेणूताईंनाही अटक केली, बंधू गणपतराव तुरुंगात गेले, थोरले बंधू ज्ञानोबा याच धामधुमीत मरण पावले. १९४३ मध्ये यशवंतराव स्वतः पकडले गेले. त्याच वर्षी कुंडल आणि वाळवा भागात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि गावोगाव न्यायदान मंडळे काम करू लागली. सातारच्या शेतकऱ्याला राज्य आपण चालवू शकतो, हा अनुभव स्वातंत्र्याच्या आधीच मिळाला होता. १९५७ चा कौल समजून घ्यायचा तर ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. याच काळात या भागाचा नकाशा बदलला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधसारख्या संस्थानाने १९३९ मध्येच प्रजेला कारभार सोपविला होता, तरी विलीनीकरणाच्या कागदावर स्वाक्षरी राजाचीच लागली. जुनागढच्या प्रजेला फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदानाने विचारण्यात आले; सांगली-मिरजेच्या प्रजेला तसे विचारावे, असे कोणाला वाटले नाही. लोकभावना विलीनीकरणाच्या बाजूने आहे, हे सर्वांनी गृहीत धरले, आणि ते गृहीत बहुधा बरोबरच होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण सातारा हाच १९६० पासून सांगली जिल्हा.

राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरद ऋतूत आला आणि महाराष्ट्र पेटला. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य आणि उरलेल्या मराठी मुलखाचे गुजरातबरोबर द्वैभाषिक सुचविले होते. त्यानंतर दिल्लीत एकामागून एक पर्याय पुढे येत राहिले. त्रिराज्य योजना आली, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, रस्त्यावर गोळीबार झाले. या चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. या वादळात यशवंतरावांनी घेतलेली भूमिका त्यांना जन्मभर ऐकवली गेली. डिसेंबर १९५५ च्या प्रारंभी, फलटणला मालोजीराजे नाईक निंबाळकरांकडे जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर त्यांनी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाशी फारकत घेतली, आणि संयुक्त महाराष्ट्र व नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, असे जाहीर केले. महाराष्ट्रभर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. सूर्याजी पिसाळाची उपमा त्यांना याच काळात चिकटली.

त्यांच्या त्या भूमिकेमागे हिशेब होता, आणि निष्ठाही होती. पक्ष सोडून मिळविलेले राज्य टिकणार नाही, दिल्लीला पटवूनच ते मिळवावे लागेल, असे त्यांचे गणित असल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु हे गणित त्या वेळी लोकांपुढे मांडले गेले नाही. लोकांना दिसली ती फक्त शरणागती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक अस्तित्वात आले आणि भाऊसाहेब हिरे यांचा पराभव करून यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या राज्याला मराठी माणूस आपले मानायला तयार नव्हता, त्याचा कारभार आता एका मराठी माणसाने करायचा होता.

मग १९५७ चे मतदान आले. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. आणि थेट जनतेला विचारण्याची तरतूद तर तेथे नाहीच. त्यामुळे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे एकच मार्ग होता. नेहमीच्या निवडणुकीलाच सार्वमत बनवायचे. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ असे एरवी एका व्यासपीठावर न बसणारे पक्ष एकत्र आले. डांगे अध्यक्ष आणि एस. एम. जोशी चिटणीस. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या खऱ्या, पण त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर. ज्यांच्या भाषेचे राज्य नाकारले गेले होते, त्यांच्या मुख्य प्रदेशाने सत्ताधाऱ्यांना स्पष्ट नकार दिला होता. गुजरातेतही इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीने काँग्रेसची झोप उडविली. पाठोपाठ मुंबई महापालिकाही समितीकडे गेली.

येथे यशवंतरावांना दोन अर्थ काढता आले असते. सभागृहात बहुमत आहे, संसदेचा निर्णय झालेला आहे, पाच वर्षे निश्चिंत राज्य करावे, हा एक. तो कायद्याला धरून होता आणि मोरारजींना तो मान्य होता. निवडणुकीत रस्ते, पाणी, धान्याचे भाव असे शंभर प्रश्न असतात, तेव्हा मतपेटीतून एकाच प्रश्नाचा निकाल कसा वाचायचा, हा युक्तिवादही कमकुवत नव्हता. यशवंतरावांनी हा अर्थ जाहीरपणे नाकारला नाही. ते द्वैभाषिक यशस्वी करण्याची भाषा बोलत राहिले, आणि कारभारही उत्तम केला. पण आपल्याच गावचे आकडे त्यांनी नीट वाचले होते, हे पुढील दोन वर्षांत दिसून आले.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने काळ्या निशाणांची हाक दिली होती. वाई आणि पसरणी घाटात हजारो माणसे रस्त्याच्या कडेने उभी राहिली. त्यात शेतकरी होते, बायका होत्या, दूरच्या खेड्यांतून चालत आलेली पोरे होती. ठरविले असते तर मुख्यमंत्र्यांना ही गर्दी नेहरूंच्या नजरेआड ठेवता आली असती. तसे झाले नाही. निदर्शने शिस्तीत पार पडली, कोठेही दगड पडला नाही, आणि नेहरूंची मोटार त्या रांगांमधून गडाकडे गेली. मराठी प्रदेशातील असंतोष हे मूठभर पुढाऱ्यांचे कारस्थान आहे, असे दिल्लीत सांगणाऱ्यांना घाटातल्या त्या रांगांनी परस्पर उत्तर दिले. या भेटीचे यजमानपद यशवंतरावांकडे होते, आणि पाहुण्याने काय पाहावे, हे यजमान ठरवितो.

१९५८ आणि १९५९ मध्ये त्यांनी नेहरू व गोविंद वल्लभ पंत यांच्यापुढे, द्वैभाषिक लोकांनी मनाने स्वीकारलेले नाही, ही वस्तुस्थिती मांडली. काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या इंदिरा गांधींनी प्रश्नाचा फेरविचार सुरू केला, नऊ जणांची समिती नेमली गेली आणि १९५९ संपता संपता निर्णय झाला. संसदेने तीन वर्षांपूर्वी घातलेली गाठ संसदेनेच सोडविली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. औपचारिक सार्वमत कोणी घेतले नाही, पण घेतलेल्या निवडणुकीचा अर्थ सार्वमतासारखा लावला गेला. डांग गुजरातेत गेला, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. विदर्भाबाबत आयोगाचीच शिफारस वेगळ्या राज्याची होती. तेथील लोकांनाही थेट कधी विचारले गेले नाही, ही गोष्ट मंगल कलशाच्या गौरवगाथेत सहसा येत नाही.

सातारचा नकार पक्षाला होता की निर्णयाला, याचे उत्तर १९६२ मध्ये मिळाले. त्या वर्षी विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि सातारा लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. प्रश्न सुटताच तेच मतदार परत फिरले होते.

१९६२ च्या अखेरीस चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांच्याकडे गृहखाते आले, आणि टेबलावर पहिल्याच दिवसांत गोव्याची फाइल होती. येथे चित्र नेमके उलटे होते. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने मित्रपक्षासह ३० पैकी १६ जागा जिंकल्या होत्या, आणि १९६५ मध्ये गोवा विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला होता. १९५७ चा न्याय लावायचा तर प्रश्न मिटला होता. परंतु डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी हटून बसले. पक्षाला दिलेले मत म्हणजे विलीनीकरणाला दिलेले मत नव्हे, लोकांना हा एकच प्रश्न वेगळा विचारा, ही त्यांची मागणी. महाराष्ट्रातील अनेकांना तो रडीचा डाव वाटला. कालपर्यंत निवडणुकीलाच सार्वमत म्हणणारे आता निवडणूक पुरेशी आहे म्हणत होते, आणि हरलेली बाजू दुसऱ्या मतदानाचा आग्रह धरीत होती.

केंद्राने संसदेत स्वतंत्र कायदा करून जनमत कौल घेण्याचे ठरविले. मतदान निर्भेळ व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फुलाचे चिन्ह विलीनीकरणाचे, दोन पाने केंद्रशासित राहण्याची. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. अंतर ३४,०२१. विलीनीकरणाविरुद्धचा जोरदार प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने केला होता, हे महाराष्ट्राने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. भाषा एक असली म्हणजे इच्छा एकच असते, हे गृहीत तेथे चुकले. काही आठवड्यांनी गोव्यात पुन्हा निवडणूक झाली तेव्हा मतदारांनी बांदोडकरांनाच सत्ता दिली. सिक्वेरांचा युक्तिवाद याहून अधिक स्पष्टपणे सिद्ध होणे कठीण. गृहमंत्री मराठी होते, त्यांच्याच खात्याच्या देखरेखीखाली महाराष्ट्र हरला, आणि तो निकाल यशवंतरावांनी निमूटपणे स्वीकारला. पुन्हा एकदा विचारा, अशी मागणी त्यांनी केली नाही. एकच प्रश्न थेट विचारला होता आणि त्याचे उत्तरही थेट मिळाले होते.

मात्र त्याच गृहखात्याच्या काळात बेळगावचा प्रश्न ज्या पद्धतीने हाताळला गेला, ती या साऱ्याशी विसंगत होती. गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची चतुःसूत्री होती. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये त्यांनी २६४ गावे महाराष्ट्राला देऊन बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली, आणि महाराष्ट्रातील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचविले. गोव्यात मतपेटी, आणि सीमाभागात एका न्यायमूर्तीचे मत. हा भेद का, याचे समाधानकारक उत्तर दिल्लीने दिले नाही आणि गृहमंत्र्यांनीही दिले नाही. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आधार काय होता? तर पाणी मिळत नाही म्हणून ग्रामपंचायतींनी केलेले ठराव. ते ठराव दहा वर्षांपूर्वीचे, २०१२ चे, असल्याचा खुलासा महाराष्ट्र सरकारला करावा लागला. जतच्या पूर्व भागात कानडी बोलणारी गावे आहेत, पण त्यांची तक्रार भाषेची नव्हती. कोरड्या रानात म्हैसाळचे पाणी केव्हा येते, एवढेच ते विचारीत होते.

यशवंतरावांच्या वाट्याला आणखी एक मतदान आले, आणि ते सर्वांत अवघड म्हणायला हवे. १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीमच्या विधानसभेने राजेशाही रद्द करून भारतात सामील होण्याचा ठराव केला आणि चारच दिवसांनी, १४ एप्रिलला, त्यावर सार्वमत झाले. ५९,६३७ मते ठरावाच्या बाजूने, १,४९६ विरोधात. राजा नको आणि भारत हवा, हे दोन निर्णय एकाच चिठ्ठीत गुंफलेले होते. एक हवा आणि दुसरा नको असे म्हणण्याची सोय मतदाराला नव्हती. गोव्यात प्रचाराला काही आठवडे मिळाले होते, सिक्कीममध्ये चार दिवस. छत्तिसावी घटनादुरुस्ती यशवंतरावांनीच लोकसभेत मांडली आणि सिक्कीम भारताचे २२ वे राज्य झाले. १९७८ मध्ये पंतप्रधान असलेल्या मोरारजी देसाईंनी हे सामीलीकरण योग्य नव्हते, असे मत व्यक्त केले, परंतु आता ते मागे घेता येणार नाही, असेही सांगितले. १९५७ नंतर निर्णय बदलू नये म्हणणारे मोरारजी तेथेही आपल्या जुन्या भूमिकेशी सुसंगतच राहिले.

पुढची वर्षे यशवंतरावांच्या राजकारणाची उतरती कळा होती. १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधानपद, काँग्रेसमधील फाटाफूट, मग इंदिरा गांधींकडे परतण्याची अवघड वाट. सातारच्या मतदारांनी मात्र १९६७ पासून त्यांना दर खेपेस लोकसभेत पाठविले. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि ते मनाने खचले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

त्यानंतर अडीच वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, गोव्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. हा तिसरा पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हता.

आयुष्याच्या अखेरीस यशवंतरावांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले होते. ‘कृष्णाकाठ’ हा त्याचा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो १९४६ पाशी येऊन थांबतो. मुंबईच्या वर्षांचा खंड ‘सागरतीर’ आणि दिल्लीच्या वर्षांचा ‘यमुनाकाठ’ या नावाने लिहिण्याचा त्यांचा बेत होता. फलटणची बैठक, कऱ्हाडची ती निसटती मते आणि पसरणी घाटातील काळी निशाणे ‘सागरतीर’मध्ये यायची होती. ते दोन्ही खंड लिहून झाले नाहीत.